पुळणीखालचा लोहाचा पडदा

श्रोतेहो, नमस्कार. जमिनीत मुरलेलं पाणी खालूनखालून समुद्राकडे सरकत असतं. पण किनाऱ्याजवळच्या विहिरीत जे पाणी दिसतं, तेच समुद्राला मिळतं असं समजू नका. शेवटच्या काही मीटरांत, पुळणीच्या वाळूखाली, त्याचं रसायन बदलतं.

आधी तिथली मांडणी पाहू. भरतीचं पाणी पुळणीच्या वरच्या अंगाला चढतं, वाळूत मुरतं आणि तिथे खाऱ्या पाण्याचा एक थर तयार होतो. सगळ्यात खाली समुद्राची पाचर घुसलेली असते, कारण खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं गोडं पाणी ओहोटीच्या रेषेजवळ बाहेर पडतं. पुन्हा सांगते: वर खारं, मध्ये गोडं, खाली खारं. विलर्ड मूर या शास्त्रज्ञानं १९९९ मध्ये या जागेला जमिनीखालची खाडी असं नाव दिलं. शाळेच्या पुस्तकातल्या जलचक्राच्या चित्रात नदी समुद्राला मिळताना ठळक दाखवतात, आणि ही खाडी मात्र जवळजवळ कधीच नसते. ती तिथे काढायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता वाक्वाइट उपसागराची गोष्ट. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या दक्षिण किनाऱ्यावर हा उथळ उपसागर आहे. वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेतले मॅथ्यू शॅरेट आणि एडवर्ड शोलकोविट्झ यांनी तिथल्या पुळणीत नळ्या उतरवून सुमारे दोन मीटर खोलीपर्यंतच्या वाळूचे उभे गाभे काढले. वरची वाळू साधी, करडी. पण खाली जावं तसा रंग पालटत गेला. पिवळा, नारिंगी, मग गडद तांबडा! वाळूच्या कणाकणावर लोहाच्या ऑक्साइडचं पूट चढलं होतं.

हे लोह आलं कुठून? लोहाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस गाळ बसतो, तो तुम्ही पाहिला असेल. तेच इथे घडत होतं, फक्त वाळूच्या आत. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू संपलेला असेल, तर लोह विरघळलेलं राहतं आणि पाणी नितळ दिसतं. हे पाणी पुळणीखाली खाऱ्या पाण्याला भेटतं. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास, भूजलाचा बहुधा त्याहून कमी. सामू एका अंकानं वाढला की प्राणवायूशी लोहाचा संयोग सुमारे शंभर पट वेगानं होतो. एका अंकाला शंभर पट, हे लक्षात असू द्या. विरघळलेलं लोह तिथेच घट्ट होतं आणि वाळूला चिकटतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्या तांबड्या वाळूत फॉस्फरसही वरच्या वाळूपेक्षा कितीतरी पट जास्त निघाला. लोहाचं ऑक्साइड फॉस्फेटला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या फॉस्फरसच्या रूपाला, धरून ठेवतं, आर्सेनिकलाही धरतं. शॅरेट आणि शोलकोविट्झ यांनी २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्राच्या उंबरठ्यावर वाळूखाली लोहाचा पडदा टांगलेला आहे आणि पाणी त्यातून गाळून जातं, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच पुळणीवरची वाळू उपसणं म्हणजे नुसती रेती नेणं असं मी मानत नाही. गाळण्याची जागाच त्यात जाते.

हा पडदा कायमचा मात्र नाही. वाळूत सेंद्रिय गाळ साचून प्राणवायू संपला, तर ऑक्साइड पुन्हा विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट सुटतं. काळी वाळू आणि सडक्या अंड्यांचा वास आला, की तिथे सल्फाइड तयार होतंय असं समजावं.

नायट्रेटला हा पडदा अडवत नाही. त्याचा नायट्रोजन वायू व्हायला प्राणवायू नसावा लागतो आणि जिवाणूंना सेंद्रिय खाद्य लागतं. स्वच्छ वाळूतून पाणी वेगानं वाहिलं, तर नायट्रेट थेट समुद्रात पोहोचतं आणि शेवाळ माजतं.

पुळणीखालच्या पाण्याचा नमुना घ्यायचा असेल, तर ओहोटीच्या वेळी जा. टोकाला बारीक छिद्रं असलेली पोलादी नळी वाळूत दाबा आणि ठरावीक खोलीवर थांबून पाणी हळूहळू ओढा. घाईनं ओढलं, तर वरचं खारं पाणी खाली खेचलं जातं आणि खोलीचा हिशेब चुकतो. प्रत्येक खोलीवर आधी विद्युतवाहकता मोजा: गोड्या पाण्याची साधारण काही शे मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर, समुद्राची पन्नास हजारांच्या घरात. लोहासाठीचं पाणी हवा न लागू देता ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि जागेवरच नायट्रिक आम्ल घाला. गाळायच्या आधी आम्ल घालू नका, नाहीतर वाळूच्या कणांवरचं लोहही विरघळून मोजणीत येतं. आणि बाटली आम्लाशिवाय तशीच राहिली, तर लोह तळाशी बसतं, वरच्या पाण्यात आकडा कमी येतो, लोह वाळूतच अडकलं असं वाटतं, आणि पुळणीत पडदा नसतानाही तो आहे असा निष्कर्ष निघतो.