पाटी लावा, पण मागचं अक्षर राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

बाजारपेठेतून जाताना दुकानांच्या पाट्या आपण वाचतो, पण त्यांच्या कडा कधी बघत नाही. एकदा बघा. जुन्या इमारतीवर पाटीच्या वरून किंवा बाजूने हमखास काहीतरी डोकावत असतं. गिलाव्यात उठवलेल्या वेलबुट्टीचं टोक, बांधकामाच्या सालातला नुसताच '१९', नाहीतर एखाद्या शिरोरेषेचा तुकडा. म्हणजे तिथे आधीच एक नाव आहे, आणि त्याच्या छातीवर आपण नवं नाव ठोकलंय. पाट्या करून देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे हे ठोकणं मला जवळून माहीत आहे.

गेल्या काही वर्षांत या कामाला जोर आला. २०२२ साली राज्याने दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. मराठी पाटी हवीच, त्यात दुमत नाही. पण घाईघाईत तिच्याखाली काय गाडलं गेलं, ते बघायला कोणाला वेळ होता?

फ्लेक्स येण्याआधी पाटी रंगवायचा पेंटर. चुन्यात भिजवलेलं सूत दोन टोकांना धरून ताणायचं, टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. अशा दोन रेघा, त्यांच्यामध्ये खडूने अक्षरांचा अंदाज, मग चपट्या ब्रशने ऑइलपेंट आणि शेवटी एका बाजूने शेड. या पेंटरांचा ल पाकळ्यांचा असायचा आणि श देठाचा. मराठीत ल आणि श याच वळणाने लिहावेत असा शासनाचा निर्णयही आहे. आता नवी पाटी बघा. संगणकात जो फॉन्ट आयता सापडला तो लावलेला, त्यातला ल सरळ दांडीचा, हिंदी छापाचा. कायदा पाळला जातो, दंड वाचतो, आणि चांगल्या मराठी वळणाचं अक्षर मराठी पाटीच्याच मागे जातं! इंग्रजी पाटीने झाकलं असतं तर निदान आपण ओरडलो तरी असतो.

बरं, झाकलं म्हणजे ते आत सुखरूप राहिलं असंही नाही. सगळ्यांत जास्त हाल होतात ते चुन्याच्या गिलाव्यातल्या उठावाच्या अक्षरांचे. फिटर येतो, हॅमर ड्रिल लावतो, अक्षराच्या पोटातच भोक पाडतो आणि लोखंडी अँगल कसतो. त्या धक्क्यांनी गिलावा विटेपासून सुटतो. वर एसीपी शीट, म्हणजे मध्ये प्लास्टिक असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, भिंतीला घट्ट बसवली, की पावसाचं पाणी मागे उतरतं पण वारा मिळत नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि गिलाव्याला आतून तडा देतं. तड्यात पिंपळाचं रोप यायला फार दिवस लागत नाहीत. दहा वर्षांनी शीट काढली, तर अक्षराचे तुकडे हातात येतात.

नुसता रंग फासून झाकायचं तर त्याची वेगळीच गंमत. खाली जुना ऑइलपेंट असला आणि वर डिस्टेंपर मारला, तर तो त्या गुळगुळीत थरावर धरत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि आधीच्या मालकाचं नाव पुन्हा वर येतं. हा प्रकार आजचा नाही. इटलीतल्या पाँपेई शहरात दोन हजार वर्षांपूर्वी निवडणुकीच्या घोषणा भिंतींवर रंगवत, आणि नव्या घोषणेला जागा करायला जुनीवर चुना फासत. निवडणूक आणि भिंत यांचं नातं जुनंच दिसतंय.

मग करायचं काय? पाटी अक्षरावर ठोकण्याऐवजी अक्षरासमोर उभी करा. दोन बाजूंच्या खांबांच्या आधाराने चौकट घ्या, भिंतीपासून दोन-तीन इंच लांब, म्हणजे मागे वारा खेळेल. दगडी भिंत असेल तर भोक दगडात नको, सांध्यात पाडा. उद्या गरज पडली तर सांधा भरता येतो, दगड भरता येत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. खर्च थोडा वाढतो, पण जाड एलईडी अक्षरांवर आपण जे उधळतो त्यापुढे काहीच नाही.

त्याहून उत्तम म्हणजे जुन्या नावाला जागा सोडून पाटी लावणं. मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावर तेच केलं गेलं. बोरीबंदरापासून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या या रस्त्यावरच्या इमारतींच्या कमानी पाट्यांनी पार बुजल्या होत्या. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी नियमावली आखली, पाट्या कमानींच्या मापात बसवल्या, आणि दुकानदारही त्यात सामील झाले. कमानी मोकळ्या झाल्या, आणि पाटी लहान केली म्हणून गिऱ्हाईकाला दुकान सापडेना असंही काही झालं नाही.

आणि झाकणं अगदीच टळत नसेल, तर निदान आधी नोंद ठेवा. समोरून, भर उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. दगडात कोरलेलं नाव असेल तर शिलालेखाचे अभ्यासक घेतात तसा ओल्या कागदाचा ठसा घेता येतो, अर्थात जाणकाराच्या हातून. रंगवलेल्या अक्षरांवर मात्र ओला कागद लावू नका, रंगच निघून येईल. इमारत वारसा यादीत असेल, तर फिटरला फोन करण्याआधी महापालिकेत चौकशी करा. मुंबईत अशा इमारतींसाठी १९९५ पासून नियम आहेत, आणि दर्शनी भागावरची पाटीही त्यात येते.

नमस्कार.