रिपोर्टची शेवटची ओळ

(दृश्य : लोखंडी कपाटाचा माथा. जुन्या वह्यांखाली दडपलेली एक मोठी पांढरी पिशवी. हात ती ओढून काढतो, धूळ झटकतो.)

एप्रिल 2021. त्या महिन्यात आपल्याकडे कुणाच्याही घरी फोन केला, की पहिला प्रश्न असायचा, 'स्कोअर किती आला?' छातीच्या एचआरसीटीचा, म्हणजे बारीक काप घेणाऱ्या सीटी स्कॅनचा स्कोअर. कोविडनं फुप्फुसं किती व्यापली, ते त्यावरून कळायचं. दोन्ही फुप्फुसांचे मिळून पाच भाग, प्रत्येक भागाला 0 ते 5 गुण, एकूण 25. 8 आला, की जीव भांड्यात पडायचा. 18 म्हटलं, की घर सुन्न व्हायचं. सप्टेंबर 2020 मध्येच राज्य सरकारला या तपासणीचे दर बांधून द्यावे लागले होते, मशीनप्रमाणे 2000 ते 3000 रुपये. एवढी गर्दी होती.

माझ्या मामांचा स्कोअर आला 9. मामींनी तो आकडा साऱ्या नातेवाइकांना कळवला. ऑक्सिजन लागला नाही. नवव्या दिवशी मामा घरी आले, त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि ही पिशवी कपाटावर गेली.

(दृश्य : रिपोर्टचं दुसरं पान. बोट खाली सरकत जातं आणि शेवटच्या ओळीवर थांबतं.)

दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, इंग्रजीत एक ओळ होती. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 9 मिलिमीटरची गाठ. कोविडची वाटत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करावा.

ती ओळ कुणीच वाचली नाही. घरच्यांनी नाही, आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या रुग्णालयानंही नाही. त्या दिवसांत वॉर्डातले डॉक्टर सिलिंडर मोजत होते, हे मी विसरलेलो नाही. तरी मन खातंच. दिवसभर फिल्मांचा ढीग उपसणाऱ्या कुणा रेडिओलॉजिस्टनं स्कोअर देऊन हात झटकले नाहीत. नजर फिरवली, ठिपका टिपला, मापला, लिहिला. आणि तो निरोप ज्याच्यासाठी होता, त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

(दृश्य : सीटी स्कॅनचे आडवे काप एकामागून एक सरकतात, मानेपासून खाली पोटाकडे.)

आपण म्हणतो, कोविडसाठी स्कॅन केला. मशीनला ते कुठे माहीत असतं? मानेच्या बुडापासून पोटाच्या वरच्या भागापर्यंत जे वाटेत येईल ते सगळं ते टिपतं. थायरॉइडची गाठ दिसते. स्तनातली दिसते. यकृतावर साठलेली चरबी, पित्ताशयातला खडा, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा फुगवटा, कधीकाळी मोडून आपोआप जुळलेली बरगडी. डॉक्टर याला 'इन्सिडेंटल फाइंडिंग' म्हणतात. शोधायला गेलो एक, हाती लागलं दुसरंच.

यात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या कॅल्शियमकडे, असं मला वाटतं. रक्तवाहिनी आजारी होत चालल्याची ही खूण. स्कॅनवर ते पांढऱ्या खडूच्या रेघेसारखं चमकतं. ज्यांच्या छातीत कधी कळ आली नाही, अशांच्याही. तेव्हाच कळलं, तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू या सगळ्यांवर काहीतरी करता येतं. ज्याला ते सांगितलंच जात नाही, त्याला ही संधीच मिळत नाही.

(दृश्य : खिडकीच्या उजेडात धरलेली फिल्म.)

आता ठिपक्याबद्दल. आपल्या बोलीत त्याला दोन शब्द आहेत, डाग आणि गाठ. 'छातीवर डाग आहे' म्हटलं, की जुनी माणसं टीबी समजतात. 'गाठ आहे' म्हटलं, की साऱ्यांच्या डोळ्यांपुढे कॅन्सर. फिल्मवर दोन्ही दिसतात सारखेच. फुप्फुसात एकच छोटी घट्ट गाठ, 6 मिलिमीटरहून लहान, आणि माणसाला इतर धोका कमी, तर सहसा पुन्हा स्कॅन लागत नाही, असं फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण ती मुख्यतः पाश्चात्त्य अनुभवावर बेतलेली. आपल्याकडे टीबी बरा होताना मागे व्रण ठेवून जातो, आणि असे व्रण घेऊन हिंडणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकाला सुई टोचून तुकडा काढायचा, की थांबून बघायचं? इथे अनुभवी डोळा लागतो. आणि लागते जुनी फिल्म.

हा प्रश्न कोविडनं आणलेला नाही. 1936 मध्ये ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी टीबी शोधायला छातीच्या एक्स-रेचा छोटा, स्वस्त फोटो काढायची युक्ती बसवली. ग्लासगोत 1957 मध्ये पाच आठवड्यांत 7 लाखांवर लोकांचे असे फोटो निघाले. स्वीडनमध्ये टीबी शोधताना धडधाकट तरुणांच्या छातीत सुजलेल्या लसिकाग्रंथी दिसल्या. तो टीबी नव्हताच, सार्कॉइडोसिस निघाला, म्हणजे शरीरात सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार. दुर्मीळ समजलेला आजार एवढा पसरलेला आहे, हे दुसराच आजार शोधताना समजलं.

(दृश्य : शाळेच्या व्हरांड्यात शिबिर. तिपाईवर हातात मावणारं एक्स-रे यंत्र. रांगेत बायका, कडेवर मुलं.)

आज आपल्या गावांत हेच चालू आहे. काही यंत्रं तर जेमतेम साडेतीन किलोची, खांद्यावर टाकून पाड्यावर नेता येतात. याची गरजही आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात छातीचा फोटो काढला नसता, तर 42.6 टक्के टीबी रुग्ण हातचे निसटले असते. ना खोकला, ना ताप, आणि आत आजार.

फोटो पडद्यावर येतो, संगणक टीबीची शक्यता आकड्यात सांगतो. आकडा कमी आला, की 'ताई, काही नाही, जा.' पण त्याच फोटोत हृदयाची सावली छातीच्या निम्म्याहून रुंद असू शकते. झडपेचं दुखणं असेल, रक्तदाब असेल. दगडाच्या खाणीत राबलेल्या माणसाच्या फुप्फुसात सिलिकाच्या, म्हणजे दगडाच्या धुळीनं पडलेले बारीक ठिपके असू शकतात. तो सिलिकोसिस. सिलिकोसिसच्या कितीतरी कामगारांनी टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या आहेत. एखाद्याचं हृदय उजवीकडे निघतं. तंत्रज्ञाला वाटतं, फोटो उलटा लागला. मग तो कोपऱ्यातली खूण बघतो, जठरातल्या हवेचा बुडबुडाही उजवीकडेच आहे हे बघतो, आणि समोरच्या माणसाकडे नव्यानं पाहतो.

मला त्या 'काही नाही'ची भीती वाटते. टीबी नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. ऐकणारी बाई मात्र छातीत काहीच नाही असं समजून घरी जाते.

(दृश्य : पुन्हा पांढरी पिशवी. टेबलावर दोन फिल्म शेजारी शेजारी.)

जुलै 2023 मध्ये विम्याचे कागद शोधताना मामींच्या हाती ही पिशवी आली. ती ओळ भाचीनं वाचून दाखवली. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. नवा सीटी झाला. छातीच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, 'जुनी फिल्म आहे?'

होती. दोन्ही त्यांनी दिव्यावर लावल्या आणि माप घेतलं. तेव्हा 9 मिलिमीटर, आता 9 मिलिमीटर. सव्वादोन वर्षांत तसूभरही वाढ नाही.

'लहानपणी घरात कुणाला टीबी होता का?' त्यांनी विचारलं.

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'वडील मिरजेजवळ वानलेसवाडीला, टीबीच्या दवाखान्यात होते. आम्हाला खिडकीतून दाखवायचे.'