ढलपी काय सांगते

(दृश्य: ताडपत्रीवर ओला ढीग. एक हात त्यातली मूठ उचलून कॅमेऱ्यासमोर उघडतो.)

नीट बघा. याला ढलपी म्हणत नाहीत. सालीचे लांबच लांब दोरे, मध्येच पिठासारखा भुसा आणि करंगळीएवढ्या काटक्या. या काटक्या आत गेल्या तशाच बाहेर आल्यात. चिपर, म्हणजे फांद्यांच्या ढलप्या करणारं मशीन, नवं, पाती नवी, पुढे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, आणि पहिल्या दिवसाची कमाई ही.

मी म्हटलं, "काका, मशीनच खराब निघालं."

काकांनी मूठभर कचरा बोटांत चुरला, सालीचा एक दोरा ओढून पाहिला. म्हणाले, "मशीनला नंतर नावं ठेव. आपण जोडताना काय काय केलं ते आधी आठव."

(दृश्य: जमिनीवर मांडलेले सुटे भाग. चौकट, लाकूड घालायचं तोंड, ढलप्या फेकणारी वाकडी नळी, पट्टे, पुल्या, शाफ्ट.)

सुटे भाग पाहून वाटतं, दोन तासांचं काम आहे. बरंचसं असतंही तसंच. चौकट उभी करायची, पाय लावायचे, तोंड बसवायचं, वर नळी चढवायची. बोल्ट आधी सगळे हाताने लावायचे आणि चौकट सरळ बसली की मग आवळायचे. एकेक करून आवळत गेलं की शेवटच्या दोन बोल्टांची भोकं जुळत नाहीत आणि माणूस हातोडा शोधायला लागतो. आम्हीही शोधला होता.

खरं यंत्र आहे ते आत. ही चकती.

(दृश्य: झाकण उघडं. पोलादी चकती, तिच्यावर समोरासमोर दोन पाती.)

साधारण १०० किलो वजन आणि ६० सेंटिमीटर व्यास. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेलं मशीन चालवणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो. पीटीओकडची पुली मोठी आणि चकतीकडची तिच्या निम्मी, त्यामुळे चकती जवळपास दुप्पट फिरते, मिनिटाला १,०८० फेरे. दोन पाती म्हणजे सेकंदाला ३६ वार. त्या वेगात चकतीच्या कडेचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास जातो. साठलेली ऊर्जा किती, तर हीच चकती नऊ-दहा मजली इमारतीच्या गच्चीवर उचलून न्यायला लागेल तेवढी. म्हणूनच पीटीओ बंद केल्यावरही ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त, फिरत राहते. आवाज थांबला म्हणजे चकती थांबली, असं समजून झाकणाला हात घालायचा नाही. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, चकती डोळ्यांसमोर थांबलेली, आणि त्यानंतरच पाना.

पात्यांवर काम करण्यापूर्वी चकती अडकवायची असते. आमच्या मशीनला त्यासाठी पिन आहे. नसेल तर लाकडाची पाचर चालते. पाचर मारली की किल्लीच्या दोरीला चिंधी बांधायची, हा काकांचा नियम. चिंधी दिसली म्हणजे पाचर अजून आत आहे.

(दृश्य: ट्रॅक्टर मागे येतो. खालचे दोन दुवे, वरचा टॉप लिंक.)

ट्रॅक्टरला जोडणं सोपं. हॅरी फर्ग्युसनने गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तीन टेकूंची जी जोडणी रुजवली, तीच आजही आहे. आधी डावा दुवा, मग उजवा, शेवटी वरचा टॉप लिंक. पिना बघून घ्यायच्या. पहिल्या वर्गाच्या जोडणीत खालची पिन २२ मिलिमीटरची आणि वरची १९ची. दुसऱ्या वर्गात खालची २८ आणि वरची २५. मोठ्या भोकात बारीक पिन घातली तर चालतं, पण खडखडते आणि महिन्याभरात भोक अंडाकृती होतं. मधे बुश, म्हणजे पोकळ कडी, घालायचं. दुव्यांच्या साखळ्या ताणून मशीन डावी-उजवीकडे हलणार नाही असं करायचं, आणि झालं.

आता शाफ्ट, पीटीओची ताकद मशीनपर्यंत नेणारा दांडा. इथे आम्ही अर्धा दिवस घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

(दृश्य: पिवळ्या प्लॅस्टिकच्या आवरणातला पीटीओ शाफ्ट, दोन तुकड्यांत.)

नवा शाफ्ट बहुतेक वेळा लांब असतो, कारण तो कुठल्याही ट्रॅक्टरला बसावा म्हणून केलेला असतो. तसाच लावून मशीन उचललं की आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला जाऊन टेकते, आणि पुढची ताकद सरळ पीटीओच्या बेअरिंगवर जाते. हे नुकसान तिथल्या तिथे कळत नाही. तेल गळायला लागलं की कळतं.

म्हणून मापायचं. शाफ्टचे दोन तुकडे वेगळे करायचे. एक ट्रॅक्टरला, दुसरा मशीनला लावायचा आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरायचे. मशीन हायड्रॉलिकवर सावकाश वर-खाली करून अंतर जिथे सर्वांत कमी होतं तिथे थांबायचं, इंजिन बंद करायचं. त्या जागी नळीच्या टोकाला साधारण २५ मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. मग सर्वांत लांबच्या जागी बघायचं. तिथे नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असल्या पाहिजेत. जास्तीचं कापायचं, आणि चारही नळ्या सारख्याच कापायच्या. दोन पोलादी, दोन प्लॅस्टिकच्या. कापल्यावर कानस मारून कडांची धार घालवायची, कीस पुसायचा, ग्रीस लावायचं.

आमचं इथे एकदा चुकलं. काकांचा ट्रॅक्टर जुना, एकाच क्लचचा. अशा ट्रॅक्टरवर क्लच दाबला तरी फिरणारी चकती पीटीओतून उलटा जोर लावते आणि गिअरबॉक्समार्फत चाकं पुढे ढकलते. पाय क्लचवर आणि ट्रॅक्टर चाललाय. हे थांबवायला ओव्हररनिंग कपलर लागतो, जो एकाच दिशेने ताकद सोडतो. तो आम्ही आणला, पण शाफ्ट कापून झाल्यावर. कपलर स्वतःच काही सेंटिमीटर लांब. पुन्हा माप, पुन्हा करवत.

(दृश्य: पीटीओ जोडतात. चकती फिरते. पूर्ण चौकट थरथरते. आवाज: घुं-घुं-घुं, लयीत.)

पहिली सुरुवात. इंजिन मंद, पीटीओ हळू सोडला, मग सावकाश वेग वाढवला. ३०० फेऱ्यांच्या आसपास मशीन थरथरायला लागलं. खाली ठेवलेला पाना सरकत सरकत टायरपर्यंत गेला.

थरथर म्हटलं की पहिला संशय पात्यांवर जातो. एखादं जड, एखादं ढिलं, किंवा पात्यामागे अडकलेली ढलपी. पण आमची पाती जोडीने तोललेली होती आणि अजून लाकूडच घातलं नव्हतं.  काकांनी शाफ्टकडे बोट दाखवलं.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकणारा सांधा, असतो. क्रॉस वाकलेला असताना पलीकडची नळी एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे राहते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून मिटवतो. मात्र दोन्ही आतले योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके तुकडे, एकाच रेषेत असले तरच. आमची नळी चौकोनी होती. पुन्हा कापल्यावर जोडताना ती पाव फेरा फिरवून बसवली गेली, म्हणजे दोन्ही चुका मिटण्याऐवजी एकमेकींत मिसळल्या. नळी काढली, रेषेत घातली, दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली. थरथर गेली. टॉप लिंक थोडा आखडून मशीन सरळ केलं तेव्हा उरलेलीही गेली, कारण दोन्ही टोकांचे कोन सारखे झाले.

आवरणाच्या साखळ्या मात्र विसरू नका. ते पिवळं आवरण शाफ्टसोबत फिरत नसतं. साखळ्या त्याला जागेवर धरून ठेवतात. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. सैल बाहीचं टोक एकदा गुंतलं की हात मागे घ्यायला सेकंदही उरत नाही.

(दृश्य: जाड फांदी आत जाते. चिर्रर्र. धूर नाही, पण वास.)

मग पट्टे. फांदी घातली की आवाज पडायचा आणि जळक्या रबराचा वास यायचा. दोन पुल्यांच्या तोंडावर आम्ही दोरी ताणून धरली. दोरी चारही कडांना टेकायला हवी होती, एकीला टेकलीच नाही. पुली तीन मिलिमीटर आत होती. ती सरळ केली आणि ताण बघितला. मीटरभर मोकळ्या पट्ट्याला अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १६ मिलिमीटर झोल, हा पट्ट्यांचा साधा हिशेब. आमचा मोकळा भाग ४० सेंटिमीटरचा, म्हणजे ६ मिलिमीटर पुरे. नवे पट्टे पहिल्या तासाभरात ताणले जातात, त्यामुळे हे काम दुसऱ्यांदा करावंच लागतं. पट्टा बदलायचा झाला तर सगळे एकदम बदलायचे. एक नवा आणि दोन जुने घातले तर सगळं काम नव्याच्या गळ्यात पडतं.

एवढं सगळं करून जो माल बाहेर पडला, तो तुम्ही सुरुवातीला पाहिलात.

(दृश्य: पुन्हा ती मूठ. जवळून.)

काकांचं म्हणणं, ढलपी वाचता आली पाहिजे. नुसता भुसा येत असेल तर पाती बोथट झालीत, कापण्याऐवजी घासतायत. पाती उलटी बसली असतील तरी असंच होतं, आणि फांदी आत ओढलीच जात नाही, हाताने ढकलावी लागते. ढलप्या ठीक आहेत पण नळीत तुंबतात, तर वेग कमी आहे किंवा माल फार ओला आणि पानांचा आहे. मध्ये एखादी सुकी फांदी घातली की ती वाट मोकळी करते. ज्यांच्या मशीनला हायड्रॉलिक रोलर आहे आणि तो फांदी बाहेर ढकलतो, त्यांनी आधी दोन नळ्या अदलाबदल तर झाल्या नाहीत ना ते बघावं.

आणि सालीचे दोरे?

दोऱ्यांसाठी काकांनी कात्री मागितली. चेष्टा नाही, घरातली कात्री. तिचा मधला खिळा ढिला केला आणि जुन्या चिंधीवर चालवली. चिंधी कापली गेली नाही, दुमडून दोन पात्यांच्या मध्ये शिरली. "तुझी साल अशीच जाते."

चिपरमध्ये फिरणारं पातं एकटं कापत नाही. समोर एक स्थिर पातं असतं. फांदी त्याच्यावर टेकते आणि फिरणारं पातं तिच्यावरून जातं. दोघांमधली फट बारीक असेल तर ढलपी तुटते. फट मोठी असेल तर मऊ, ओली साल तिच्यात वाकून निसटते.

(दृश्य: किल्ली खिशात. झाकण उघडं. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, दोन पात्यांमध्ये सरकतो.)

आमच्या मशीनच्या पुस्तिकेत फट सुमारे ०.८ मिलिमीटर लिहिली होती. तुमच्या मशीनची तुम्ही पुस्तिकेत बघा, सगळ्यांची एक नसते. चकती हाताने फिरवली आणि प्रत्येक पात्याची दोन्ही टोकं मोजली. हातात कातडी हातमोजे. एका टोकाला ०.९. दुसऱ्या टोकाला जवळजवळ ३.

स्थिर पात्याच्या बोल्टांना लांबट भोकं असतात, फट कमी-जास्त करायला. पातं तिरकं बसलेलं होतं. काढलं तर खाली रंगाची जाड पापडी. कारखान्यात ओल्या रंगावरच बसवलं असावं, असा माझा अंदाज. आम्हीही जोडताना वरून बघितलं, छान दिसलं, पुढे गेलो. झाकण लावण्याआधी पाच मिनिटं मोजलं असतं तर कालचा दिवस वाचला असता. पापडी खरवडली, पातं सरळ केलं, चारही ठिकाणी ०.८. बोल्ट टॉर्क पान्याने, जो ठरवलेल्या जोराला टक् करतो, पुस्तिकेतल्या आकड्याला. मग पिन काढून चकती आणखी दोन पूर्ण फेरे हाताने फिरवली. कुठे घासत नाही ना, हे यंत्राच्या ताकदीने तपासायचं नसतं.

 चिंधी सोडली.

(दृश्य: फांदी, बुंध्याकडचं टोक आधी. नळीतून ढलप्यांचा सरळ फवारा.)

आता बघा. अंगठ्याच्या नखाएवढ्या, चपट्या, कडा स्वच्छ. मशीनचा आवाजही बदललाय. आधीची कुरकुर गेली, एकच भरीव गुणगुण राहिली. फांदी स्वतःहून आत ओढली जाते. माणूस बाजूला उभा राहतो, समोर नाही, कारण वाकडी फांदी आत जाताना फटकारा मारते.

दुपारी एकदा शिअर बोल्ट तुटला. चूक माझी. घाईत इंजिन जोरात असताना पीटीओ टाकला. १०० किलोची स्थिर चकती एका झटक्यात फिरायला तयार नव्हती, बोल्टने जीव दिला. तो त्यासाठीच असतो. माझ्या हाताशी त्याच मापाचा कडक बोल्ट होता आणि मी तो उचललाही. काका काही बोलले नाहीत, फक्त हात पुढे केला. मी बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला. कडक बोल्ट तुटत नाही, त्यामुळे पुढच्या झटक्याला त्याच्याऐवजी गिअर तुटतो. शिअर बोल्टऐवजी घसरणारा क्लच असेल तर त्याची गोष्ट वेगळी. पावसाळाभर मशीन पडून राहिलं की त्याच्या चकत्या गंजून चिकटतात आणि तो घसरतच नाही. हंगामापूर्वी स्प्रिंग ढिल्या करून तो क्षणभर घसरवायचा, मग पुन्हा मापात आवळायचा.

(दृश्य: संध्याकाळ. ट्रॅक्टर बंद. ढलप्यांचा ढीग.)

तासभर काम झाल्यावर पुन्हा किल्ली खिशात आणि झाकण उघडं. बेअरिंगच्या घरांवर हाताची पाठ ठेवून बघितली. कोमट, दोन्ही सारखी. एक जास्त तापलं असतं तर ग्रीस कमी, किंवा जास्त, किंवा पट्टा गरजेपेक्षा ताणलेला. पट्टे दोन मिलिमीटर सैल झाले होते, ओढले. मग पात्यांचे आठ नट. काकांनी टॉर्क पाना लावायला सुरुवात केली. पहिला, टक्. दुसरा, टक्. सहाव्यापर्यंत सगळे जागच्या जागी. सातवा पाव फेरा फिरला आणि मग टक् झाला.

काकांनी खडूने त्यावर आडवी रेघ मारली आणि पाना आठव्याकडे नेला.