विंडोजचा पासवर्ड विसरल्यावर

मित्रहो, पासवर्ड विसरलेला माणूस दुरुस्ती करणाऱ्याला बहुधा एकच विनंती करतो, की आतून शोधून तेवढा काढून द्या. ही विनंती सहसा पुरी करता येत नाही, कारण शोधून काढावा असा पासवर्ड संगणकात लिहून ठेवलेलाच नसतो. एके काळी तो असे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवलेले असत, आणि 1962 मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने वाट्याला आलेल्या तासांहून जास्त वेळ मिळावा म्हणून ती फाइलच छापून घेतली. पुढे पासवर्डऐवजी त्यापासून गणिताने काढलेला ‘हॅश’ साठवण्याची रीत आली. त्यावरून उलट हिशेब करून मूळ पासवर्ड मिळत नाही. म्हणून आपल्याला मिळू शकतो तो नवा पासवर्ड, जुना नव्हे.

मात्र तो बदलण्यापूर्वी, आपण खरोखरच विसरलो आहोत ना, हे तपासावे. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांच्या संगणकावर पासवर्डच्या पडद्यावरही कळफलक कधी मराठीच राहतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात इंग्रजी ‘के’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो, आणि चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरले, की टाइप केलेली अक्षरे दिसतात.

खरोखरच विसरला असेल, तर खाते कोणते आहे यावर पुढचे सारे ठरते. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून पासवर्ड बदलता येतो, पण त्यासाठीचा संकेतांक (कोड) नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर येतो. येथे आपल्याकडे अनेकांची गाडी अडते. बंद केलेला मोबाइल क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि तसे झाले तर आपला संकेतांक परक्याच्या हाती पडतो. म्हणून क्रमांक बदलला, की नवा क्रमांक मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदवणे हे बँकेला कळवण्याइतकेच तातडीचे मानले पाहिजे. खाते केवळ त्या संगणकापुरते असेल, तर आधी भरून ठेवलेले सुरक्षा प्रश्न उपयोगी पडतात, किंवा त्याच संगणकावरील प्रशासक (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) खात्यातून नवा पासवर्ड देता येतो. मात्र प्रशासकाने असा परस्पर पासवर्ड बदलला, तर विंडोजच्या सोयीने त्या खात्यात कूटबद्ध केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून ठेवलेल्या, फाइली उघडेनाशा होऊ शकतात, ही गोष्ट बदल करण्यापूर्वी सांगणारे फार थोडे भेटतात.

विंडोजमधीलच बिटलॉकर या सोयीची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यात खाते नव्हे, संपूर्ण डिस्कच कूटबद्ध असते, आणि अलीकडच्या अनेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच हे कूटबद्धीकरण आपोआप सुरू होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुनर्प्राप्तीचा (रिकव्हरीचा) निळा पडदा आला की 48 अंकी किल्ली लागते. पडद्यावर त्या किल्लीचा ओळख क्रमांकही दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्यातील यादीत तोच क्रमांक शोधावा आणि त्यासमोरचे अंक भरावेत. किल्ली कुठेच नसेल, तर दुकानात विंडोज नव्याने टाकून लॅपटॉप चालू करून मिळेल, पण बॅकअप नसलेले फोटो आणि कागदपत्रे परत येणार नाहीत, हे ग्राहकाला पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.