खडूची रेघ

जुन्या गर्डरवर, गंजाच्या थरावर, खडूची एक पांढरी रेघ ओढलेली आहे. टेप लावून झाली, एकदा नाही, तीनदा. जाडी, रुंदी, पोटातल्या पट्टीची उंची. वहीत आकडे मांडले, उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी, पाहिले आणि पुन्हा मोजायला सांगितलं. पूल उडवायला शिकणारा विशीतला हा जवान परत वाकतो. स्फोटकाचा अजून पत्ताही नाही. सकाळपासून फक्त मोजमाप चाललंय.

लष्करातल्या इंजिनिअर सैनिकाला सॅपर म्हणतात. आपल्याला हे लोक परके नाहीत. बॉम्बे सॅपर्सचं घर पुण्यात खडकीला, आणि कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग पलीकडे दापोडीला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरच्या २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल उभारला तो याच बॉम्बे सॅपर्सनी, २०१८ च्या फेब्रुवारीत. उभारणं आणि पाडणं, दोन्ही कामं एकाच हातांची. पुलाचं वजन कुठून कुठे उतरतं हे ज्याला दिसतं, त्यालाच तो कुठे कापायचा हे कळतं.

आणि पोलाद कापावंच लागतं. दगडाला सुरुंग लावला की दगड फुटतो. विहिरी खणताना गावोगाव लोकांनी हे पाहिलंय. पोलाद फुटत नाही. ते वाकतं, पिळवटतं, ताणलं जातं, आणि तरीही धरून ठेवतं. पुणेकरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. काम लष्कराचं नव्हतं, पूलही काँक्रीटचा होता. २ ऑक्टोबर २०२२, रात्री एकच्या सुमारास चांदणी चौकातला जुना पूल ६०० किलो स्फोटकांनी उडवला. धुरळा खाली बसला तेव्हा काँक्रीट ढासळलं होतं, पण पूल पुरता खाली आलाच नव्हता. आतल्या सळयांनी त्याला धरून ठेवलं होतं. उरलेला पूल पोकलेन लावून पाडावा लागला.

आता सगळाच पूल पोलादाचा असेल तर? कैच्यांचा, रिव्हेट मारलेला, एका तुळईचा भार दुसरीने उचलावा असा बांधलेला? एक अंग तुटलं तर शेजारचं अंग भार घेतं. सॅपरला शिकायचं असतं ते हे.

जर्मनीत ऱ्हाईन नदीवर रेमागेन गावाजवळ असा एक रेल्वेपूल होता, पहिल्या महायुद्धात बांधलेला. बांधतानाच त्याच्या खांबांत स्फोटकांसाठी पोकळ्या ठेवल्या होत्या. युद्धानंतर फ्रेंचांनी त्या काँक्रीटने बुजवून टाकल्या. ७ मार्च १९४५ ला अमेरिकी सैन्य पुलाच्या तोंडाशी आलं, तेव्हा जर्मन इंजिनिअरांच्या हाती मागितलेल्या ६०० किलोंऐवजी ३०० किलो स्फोटक होतं, तेही खाणीत वापरतात तसलं कमजोर. विजेची कळ दाबली, काहीच झालं नाही. मग एक जण गोळीबारातून धावत गेला आणि त्याने हाताने वात पेटवली. स्फोट झाला. पूल जागेवरून उचलला गेला, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. चोवीस तासांत सुमारे ८,००० अमेरिकी सैनिक त्यावरून पार झाले. पूल वाचला म्हणून चार जर्मन अधिकाऱ्यांना त्यांच्याच लोकांनी गोळ्या घातल्या.

पुलाची गोष्ट मात्र तिथे संपली नव्हती. दुखावलेलं पोलाद दहा दिवस तग धरून होतं. १७ मार्चला अमेरिकी इंजिनिअर त्याची डागडुजी करत असतानाच पूल नदीत कोसळला आणि त्यातले पंचवीसहून अधिक जण गेले. म्हणूनच अर्धवट तुटलेल्या पोलादाजवळ उस्ताद कुणाला फिरकू देत नाहीत. उभं दिसतंय म्हणजे उभं आहे, असं इथे कुणी धरून चालत नाही.

दुसरा पूल आपल्या माणसांचा आहे. ब्रह्मदेशातली सित्तांग नदी, फेब्रुवारी १९४२. माघार घेणारी १७ वी भारतीय डिव्हिजन, मागे जपानी, आणि नदीवर एकच लोखंडी रेल्वेपूल. गाड्या जाव्यात म्हणून त्यावर फळ्या टाकलेल्या. रात्री एक ट्रक घसरून अडकला आणि काही तास वाट बंद झाली. पंजाबातल्या मालेरकोटला संस्थानच्या सॅपरांनी पुलाला स्फोटकं बांधून ठेवली होती. पूल सकाळपर्यंत राखता येईल का, याची खात्री कुणी देईना. २३ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला पूल उडवला. काम चोख झालं. डिव्हिजनचा मोठा भाग, दोन ब्रिगेड, अजून पलीकडच्या काठावर होता. गुरखा, डोग्रा, शीख, जाट, बलुच. हातातल्या रायफली टाकून, बांबू बांधून, पोहत जेवढे येऊ शकले तेवढे आले. पंधरवड्यात, ८ मार्चला, रंगून पडलं.

हुकूम देणारा चुकला का, यावर आजही वाद होतो. मला सारखा आठवतो तो कळीपाशी बसलेला सॅपर. त्याचं मोजमाप बरोबर होतं, बांधणी बरोबर होती, आणि पलीकडून येणाऱ्या माणसांचे आवाज त्याच्या कानांवर पडत असतील.

मैदानावर दुपार झाली आहे. लाल झेंडा वर गेलाय. शिट्टी होते, सगळे आडोशाला. जवान सेकंद मोजत राहतो. धमाका छातीत लागतो, तुकडे दूर कुठेतरी टणत्कारतात. नंतर कुणीच हलत नाही. ठरलेली वेळ उलटते, मग उस्ताद एकटेच पुढे जातात, वाकून पाहतात, आणि हात वर करतात.

जवान गर्डरपाशी येतो. कापलेली कड निळसर झाली आहे, अजून गरम. तो खडूची रेघ शोधतो. रेघेचा एक काठ या तुकड्यावर आहे, दुसरा त्या. खिशातून टेप काढून तो पुन्हा मोजायला बसतो.