चाकोरी

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या सायकलला स्टँड नाही. मी हे विसरून जाते, पण पवन मावळातली माणसं विसरू देत नाहीत. मागच्या दिवाळीनंतर तिकोनापेठेच्या अलीकडे एका पारापाशी सायकल टेकवून पाणी पीत होते. पारावर एक बाबा बसले होते. ते उठले, सायकलभोवती एक चक्कर मारली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हिला स्टँड न्हाई?" म्हटलं, नाही. "क्यारेज?" नाही. "मडगार्ड? घंटी?" तेही नाही. "आन् पडली कितीला?" मी खऱ्या किमतीच्या निम्मी किंमत सांगितली. बाबा जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "तेवढ्यात गाभण म्हैस आली आसती."

म्हशीचा मुद्दा बिनतोड होता. मी पाणी पिऊन निघाले.

ही सायकल म्हणजे माउंटन बाइक. रुंद, गोटीदार नक्षीचे टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि चढाला उपयोगी पडणारे हलके गिअर. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही पोरं जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावायची. मागच्या चाकाच्या हबातलाच, म्हणजे मधल्या तुंब्यातलाच ब्रेक. खाली पोचेपर्यंत त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. वीस वर्षांनी, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. एवढा इतिहास पुरे. आपल्याकडे दुधाच्या किटल्या लावलेली २४ इंची काळी सायकल याच वाटांवरून बिनगिअरची आणि बिनकौतुकाची चालत होती, हेही जाता जाता सांगून टाकते.

मला बोलायचंय ते वाटेबद्दल. हौशी सायकलवाली मंडळी मला विचारतात, की परदेशात कसे खास ट्रेल बांधलेले असतात, तसे आपल्याकडे कुठे आहेत? मी म्हणते, पुण्याच्या पश्चिमेला जा आणि डांबर सोडा.

पुण्याखालची बारा मावळं आपण शाळेत इतिहासात पाठ केली. ती पाठ करताना एक गोष्ट कुणी सांगितली नाही, की मावळ म्हणजे बहुतेक ठिकाणी एका नदीचं खोरं. पवनेचं पवन मावळ. आंद्रेचं आंदर मावळ. मुठेचं मुठे खोरं, मोसीचं मोसे खोरं, गुंजवणीचं गुंजण मावळ. सह्याद्रीच्या माथ्यावरून नदी पूर्वेला निघते, दोन्ही बाजूंना डोंगराच्या रांगा, मध्ये भातखाचरं, आणि रांगेपलीकडे पुन्हा दुसरी नदी. सायकलवाल्याला हे पायांतून कळतं. नदीच्या सोबतीने गेलात तर चढउतार बेताचे, दर दोन-तीन मैलांवर वस्ती, चहा. नदी सोडून शेजारच्या खोऱ्यात जायचं ठरवलंत तर मधली खिंड चढावी लागते, आणि तिथे बोलणं बंद होतं. नकाशात बोटभर दिसणारं ते अंतर कधी कधी दीड तास खातं.

माझा लाडका रस्ता असा. लोकलने कामशेतला उतरायचं. तिथून दक्षिणेला, बेडसे लेणी उजव्या-डाव्या कुठल्या हाताला ठेवायची ते तुम्ही कुठली वाट धरता त्यावर. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातली ती लेणी. कार्ले, भाजे, बेडसे ही सगळी कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास खोदलेली आहेत. म्हणजे आपण ज्या मुलखात घाम गाळतोय, तिथे दोन हजार वर्षं माणसं आणि लादलेली जनावरं ये-जा करत आली आहेत. मग पवनानगर, पवना धरणाच्या कडेकडेने तिकोनापेठ, आणि जवणवरून रांग ओलांडून पलीकडे कोळवणचं खोरं. तिथून पौडला मुळा नदी भेटते. यातला बराच भाग आता डांबरी आहे. पण डांबराच्या आजूबाजूला, कधी ओढ्याकाठाने, कधी टेपाडामागून, जुनी गाडीवाट अजून आहे.

या गाडीवाटेची एक गंमत मला फार उशिरा कळली. डोंगरात वाट काढणाऱ्या परदेशी मंडळींचा एक नियम आहे. डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार जास्त उभा नसावा. का? तर वाट फार उभी झाली, की पावसाचं पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेनेच पळायला लागतं. दोन पावसाळ्यांत त्या वाटेची घळ होते. आता आपल्याकडे बघा. माणसाची पायवाट घाईची. ती सोंडेवरून थेट वर चढते, आणि म्हणूनच ती ठिकठिकाणी उखणलेली, दगड उघडे पडलेली असते. बैलाला घाई परवडत नाही. भाताची पोती लादलेली गाडी ओढायची तर वाट आडवी आडवी, वळसे घेत, दम खात चढली पाहिजे. त्या बैलांच्या सोयीने पडलेली वाट आज माझ्या गिअरच्या सायकलला अगदी मापात बसते. तो नियम कागदावर वाचला तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. आपल्याकडे तो बैलांनी आखून ठेवला होता.

आणि चाकोरी! चाकोरीबाहेर विचार करा, असं आपण ऊठसूट म्हणतो. खरी चाकोरी बघितली आहे का? लाकडी चाकावरच्या लोखंडी धावेने मुरमात आणि कुठे कुठे चक्क कातळात पाडलेले दोन चर. मध्ये गवताचा उंचवटा. सायकलने जाताना पहिला निर्णय हाच, की चरातून जायचं की उंचवट्यावरून. चर गुळगुळीत असतो, मोह पडतो. पण तो वीतभर खोल झाला की पेडल काठाला आपटतं, आणि बाहेर यायचं म्हणून हँडल जरासं वळवलं की पुढचं चाक काठाला घासून तुम्ही आडवे. बाहेर पडायचं तर वेग कमी करून, पुढचं चाक हलकं उचलून, बऱ्यापैकी तिरकं काढावं लागतं. चाकोरी सोडणं भाषणात सोपं आहे, सायकलवर कोपराची सालं जातात.

मातीबद्दलही सांगते, कारण पहिल्यांदा जाणारे तिथेच फसतात. वरच्या अंगाला मुरूम. तो पावसातही चाक धरून ठेवतो. खोऱ्याच्या तळाला काळी चिकण माती. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले, की ती टायरला चिकटते, तिच्यावर गवत चिकटतं, त्यावर पुन्हा माती; पन्नास पावलांत चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट गच्च भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काटकी शोधा आणि कोरत बसा. सायकल खांद्यावर घ्यावी तर ती दुप्पट जड झालेली. आणि श्रावणातला कातळ? हिरव्या शेवाळावर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, सरळ जायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. खरा मोसम म्हणजे भातकापणी झाल्यापासून होळीपर्यंत. तेव्हा बाभळीचे काटे आणि कुसळं सोडली तर तक्रारीला जागा नाही. कच्च्या वाटेला लागलात की टायरमधली हवा थोडी सोडा. माझ्या वजनाला डांबरावर ४० पाउंड, वाटेवर २५. टायर मऊ झाला की दगडाला धरून चालतो.

एकदा कोळवणच्या खोऱ्यात एक ओढा मी जरा जास्तच आत्मविश्वासाने ओलांडला. दगड उसळून मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर बसला. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, फ्रेम वाचावी म्हणून. तो काटकोनात वाकला. शेतातल्या दादांनी मोटरीच्या पेटीतून पक्कड आणली, माझ्या हातातून सायकल काढून घेतली आणि हँगर इतका हळूहळू सरळ केला, जसा हाडवैद्य हात बसवतो. नंतर मी एकाच गिअरवर पौडपर्यंत आले. मी निघताना दादा म्हणाले होते, "एवढे गिअर कशाला ठेवायचे? जास्त तितकं वाकतं."

म्हणून एक विनंती. ही वाट कुणाच्या तरी बांधावरून जाते. भात उभं असताना खाचरात चाक घालू नका. त्याच तांदळाच्या इंद्रायणी वाणावर आपण ताव मारतो, आणि तो वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातच तयार झालाय. जनावरं समोरून आली तर उतरून कडेला उभं राहा. रंगीत हेल्मेटला म्हैस बिचकते. पाणंदीचं फाटक उघडलंत तर लावून घ्या.

अर्थात दरवर्षी एखादं फाटक नवं दिसतं आणि ते उघडत नाही. तारेचं कुंपण, आत प्लॉट पाडलेले, गाडीवाट कुंपणाखालून आत गेलेली. कुठे पाणंदीवर सिमेंट पडतं. सिमेंटबद्दल मी कुरकुर करत नाही. पावसात बाळंतिणीला झोळीत घालून नेलेल्या घरांना कळतं रस्ता म्हणजे काय. कुंपणाचं मात्र मला वाईट वाटतं.

एक वाट अशी आहे जिला कुंपण घालता येत नाही. पवना धरण झालं तेव्हा खोऱ्यातल्या कितीतरी वाटा पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं आणि गाळातून जुन्या गाडीवाटेचे तुकडेही वर येतात. वरच्या बाजूला गाळ वाळून भेगाळलेला, टायर अडकेल एवढ्या भेगा. खाली जावं तसा ओलसर, चाकाखाली दबणारा. तुंगचा किल्ला समोर, तिकोन्याचा पाठीशी. दोन चर स्पष्ट दिसतात, मध्ये गवताचा उंचवटा मात्र नाही. मे महिन्यात एकदा तरी मी त्या चरातून खाली जाते. वाट सरळ पाण्यात शिरते. पुढचं चाक भिजलं की उतरते, सायकल उचलून वळवते. स्टँड नसल्यामुळे ती तिथे उभी करून बघत बसता येत नाही.

नमस्कार.