वळणावळणाच्या वाटेसाठी फुल सस्पेन्शन सायकल: आधी लांबी पाहा, मग सस्पेन्शन

नमस्कार मंडळी. माउंटन बाइक घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो, तो सस्पेन्शन किती मिलिमीटरचे घ्यावे, म्हणजे चाक किती वर-खाली होऊ शकणारे असावे, याचा. बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी किंवा पलीकडे चंदगडच्या बाजूच्या वाटांवर सायकल चालवणाऱ्याने हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा आणि आधी व्हीलबेस विचारावा, म्हणजेच पुढच्या चाकाच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर. दुकानदार हा आकडा सहसा आपणहून सांगत नाही. तो कंपनीच्या संकेतस्थळावर मापांच्या तक्त्यात मिळतो.

आपल्याकडच्या वाटा माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या आहेत. काजूच्या बागेतून, करवंदाच्या जाळ्यांना वळसा घालत, जांभ्याच्या पायऱ्यांवरून जाणाऱ्या या वाटेवर वेग मुळातच कमी असतो आणि एक वळण संपण्याआधी दुसरे सुरू होते. याउलट गेल्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांनी सायकली सातत्याने लांब आणि पुढून अधिक तिरप्या केल्या, कारण उंच डोंगरावरून भरधाव उतरताना अशी सायकल स्थिर राहते. त्या कामासाठी ती उत्तमच आहे, पण ते काम आपले नाही.

हिशेब सोपा आहे. हँडल तेवढेच वळवले, तर वळणाची त्रिज्या व्हीलबेसच्या प्रमाणात वाढते. 1150 मिलिमीटरच्या सायकलीऐवजी 1250 ची घेतली, तर त्याच वळणाला सुमारे 9 टक्के जास्त जागा लागते. शिवाय मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेवरून न जाता नेहमी आतून जाते. गळीत हंगामात चिकोडी किंवा अथणी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सायकल जितकी लांब, तितके मागचे चाक आत घसरते, आणि घाटातल्या वळणावर आत म्हणजे कधी दगड, कधी झाडाचे मूळ, तर कधी नुसती पोकळी असते.

दुसरा आकडा पुढच्या नळीच्या, म्हणजे ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिच्या, जमिनीशी असलेल्या कोनाचा. 64 अंशांच्या आसपासचा कोन कमी वेगात त्रासदायक ठरतो, कारण हँडल थोडे वळवताच पुढचे चाक आपोआप त्या बाजूला पडू लागते आणि चढावरच्या घट्ट वळणात ते सावरण्यातच दम जातो. 66 ते 67 अंशांच्या सायकलीचे हँडल हलके वाटते. मागच्या त्रिकोणाची लांबी, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तेथून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर, 425 ते 435 मिलिमीटर असावे आणि मध्यम मापाच्या सायकलीचा व्हीलबेस 1150 ते 1200 च्या आत असावा. केवळ व्हीलबेस कमी मिळतो म्हणून दोन मापे खालची सायकल मात्र घेऊ नये, कारण गुडघे हँडलला लागतील. तुमची उंची दोन मापांच्या मधोमध येत असेल, तर लहान माप निवडावे, एवढेच.

आता सस्पेन्शनकडे येऊ. या वाटांना 120 ते 130 मिलिमीटर पुरेसे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. 150 किंवा 160 मिलिमीटरच्या सायकलीत वळणाआधी ब्रेक दाबला की फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे सस्पेन्शन, बराच खाली बसतो, मागची बाजू उचलली जाते आणि वळण सुटताच सगळे पुन्हा वर येते. दर पाच-सहा मीटरांवर वळण असेल, तर सायकलला स्थिर व्हायला उसंतच मिळत नाही.

कमी किमतीत ‘ड्युअल सस्पेन्शन’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या सायकलींबद्दलही येथेच सांगतो. त्यांच्या मागच्या शॉकमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारे तेल नसते. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे काम करणाऱ्या माणसाला हा फरक एका वाक्यात कळेल: बारीक छिद्रातून तेल ढकलले गेले की हालचाल मंदावते, आणि तेलच नसेल तर स्प्रिंग आपल्या मर्जीने उसळते. तेवढ्याच पैशांत फक्त पुढे चांगला फोर्क असलेली हार्डटेल मिळत असेल, तर ती बिनदिक्कत घ्यावी.

आता हा मागचा शॉक मी कॅमेऱ्याजवळ आणतो. या चकचकीत दांड्यावर ही काळी रबरी रिंग दिसते आहे, ती शोभेसाठी नाही. नेहमीचे हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी घालून भिंतीचा आधार घ्यावा, रिंग दांड्याच्या तोंडाशी असलेल्या सीलपर्यंत सरकवावी, सीटवर शांत बसावे आणि हिसका न देता उतरावे. या शॉकचा एकूण स्ट्रोक, म्हणजे दांडा आत जाण्याचे अंतर, 45 मिलिमीटर आहे. रिंग साधारण 13 मिलिमीटर सरकली असेल, म्हणजे 28 ते 30 टक्के, तर हवा बरोबर आहे. ती 18 पर्यंत गेली, तर शॉकच्या पंपाने हवा वाढवावी; अन्यथा सायकल मागे बसते, पुढचे चाक हलके होऊन वळणात बाहेर सरकते आणि पेडल जांभ्यावर आपटते. पेडल आपटण्यावर आणखी एक इलाज आहे: 175 ऐवजी 165 मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, घेतला, तर पेडल जमिनीपासून 10 मिलिमीटर उंच राहते. ही लाल कळ रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उसळतो ते ठरवणारी, आहे. सीटवर बसून फुटपाथच्या कडेवरून खाली उतरल्यावर मागची बाजू एकदाच वर येऊन थांबली पाहिजे.

चाकांच्या वादात मी फार शिरत नाही. 29 इंची चाक दगडांवरून सहज जाते, 27.5 इंची चटकन वळते. पुढे 29 आणि मागे 27.5 ही जोडी मात्र बुटक्या चालकाने जरूर पाहावी, कारण तीव्र उतारावर शरीर मागे नेताना चाक पार्श्वभागाला लागत नाही. हँडल आजकाल 780 ते 800 मिलिमीटर रुंद येते आणि काजूच्या दोन खोडांमध्ये ते अडकते. आधी ग्रिप आणि ब्रेक आत सरकवून काही आठवडे चालवावे, आणि मगच 740 ते 760 पर्यंत कापावे.

माती पाहूनही निवड बदलते. पश्चिमेकडच्या लाल मातीत पावसाळ्यात शेवाळलेला जांभा निसरडा होतो, तेथे मऊ रबराचा 2.4 इंची टायर हवा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारातली काळी माती टायरला लिंपून मागच्या त्रिकोणात चाकच जाम करते. म्हणून टायर आणि फ्रेममध्ये बोट सहज फिरेल एवढी जागा आहे का, ते दुकानातच पाहावे. गोकाक, सौंदत्तीकडे बाभळीचे काटे आहेत, तेव्हा ट्यूबलेस टायर आणि त्यातले भोक आपोआप बुजवणाऱ्या सीलंट द्रवाला पर्याय नाही. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

खरेदीच्या आधी दुकानात दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बेअरिंगचे क्रमांक. ते 6802 किंवा 6902 सारखे प्रचलित असतील, तर पावसाळ्यानंतर गंजलेले बेअरिंग बदलणे सोपे जाते. सांध्यांसाठी जाळी नसलेले, जास्त गोळ्यांचे बेअरिंग टिकाऊ असते, पण ते मिळेपर्यंत त्याच क्रमांकाच्या साध्या बेअरिंगवर काम भागते. धुताना या सांध्यांवर प्रेशर पंपाचा फवारा कधीही मारू नये. दुसरी, मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी. 2019 मध्ये स्रॅम कंपनीने आणलेला युनिव्हर्सल हँगर फ्रेमला चालत असेल, तर प्रश्न मिटला. चालत नसेल, तर त्याच फ्रेमचा एक जास्तीचा हँगर सायकलीबरोबरच बिलात लावून घ्यावा, कारण तो वाकतो तेव्हा आपण बहुधा जांबोटीच्या पुढे असतो आणि तो मिळायला कुरिअरची वाट पाहावी लागते.